कात्री लागली की फुटतात : चाइव्ह्जविषयी तुमचे प्रश्न

मागच्या अंकात थंडीच्या कुंड्यांवर लिहिलं होतं. मेथी, चाकवत, पार्सली, लेट्यूस आणि शेवटी चार ओळी चाइव्ह्जवर. पत्रं आली ती बहुतेक त्या चार ओळींवरच, म्हणून या वेळचं सगळं सदर चाइव्ह्जला दिलं आहे.

ज्यांनी हे रोप पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. कांदा-लसणाच्या कुळातलं हे सगळ्यात नाजूक रोप. पात सुतळीएवढी बारीक, गोल आणि आतून पोकळ. खाली कांदा धरत नाही, नुसता पांढरा बुंधा असतो, आणि त्याच्या शेजारून नवे फुटवे येत जाऊन वर्षभरात गवताच्या झुबक्यासारखा पुंजका होतो. चव कांद्याचीच, पण तिखटपणा उतरवलेली. मी निफाड तालुक्यात कांद्याच्या वाफ्यांत वाढले, पुढे पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि गेली सात वर्षं नाशिकच्या गच्चीवर चाइव्ह्ज सांभाळते आहे. खाली लिहिलंय ते या तिन्ही ठिकाणांहून आलेलं आहे.

ताई, एप्रिलमध्ये बी मागवलं. दोनदा पेरलं, दोन्ही वेळा एक कोंबसुद्धा आला नाही. बी खोटं निघालं का? — एक वाचक, डोंबिवली

बी खोटं असेलच असं नाही. तुमची वेळ चुकली. चाइव्ह्जच्या बीला उगवायला १५ ते २० अंश तापमान मानवतं. एप्रिलमधल्या डोंबिवलीच्या बाल्कनीत, दुपारी तापलेल्या कुंडीत, ते रुजायची आशा धरू नका. घाटावर कोजागिरीनंतर पेरा. तुमच्याकडे आणखी थोडं थांबा, नोव्हेंबरचा मध्य उलटला आणि पहाटे पांघरूण ओढावंसं वाटू लागलं की पेरा.

दुसरी शंका बियांच्या वयाची. कांद्याच्या कुळातल्या बिया लवकर म्हाताऱ्या होतात. आमच्या मळ्यात कांद्याच्या बीला उळं म्हणतात. माझी आई आदल्या साली उरलेलं उळं कधीच पेरत नसे. कितीही महाग पडलं तरी नवीन आणायची, कारण जुन्या उळ्यावर भिस्त ठेवली तर वाफा विरळ निघतो आणि हंगाम हातचा जातो. चाइव्ह्जचंही तसंच आहे. पाकिटावरची तारीख बघा. तारीख वर्षाच्या पलीकडची असेल तर पेरण्याआधी वीस बिया ओल्या रुमालात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. रुमाल वाळू देऊ नका. दोन आठवड्यांनी उघडून मोजा. दहा-बारा फुटल्या तर बी चांगलं. तीन-चारच फुटल्या तर एका जागी दुप्पट-तिप्पट बिया टाका किंवा दुसरं पाकीट आणा.

पेरायचं कसं तेही सांगते. कुंडी सहा ते आठ इंच खोल हवी आणि तळाची भोकं मोकळी हवीत. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. नुसतं कोकोपीट वापरू नका, ते वरून सुकं दिसतं आणि आत गच्च ओलं राहतं. बी एकेक करून पसरायचं नाही. एका ठिकाणी दहा-बारा बिया चिमटीने सोडायच्या, वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरायची आणि फवाऱ्याने भिजवायचं. कुंडीवर वर्तमानपत्र झाका, उजेड नसला तरी या बीचं काही अडत नाही, ओल मात्र टिकते. दहा ते वीस दिवस लागतात. आठव्या दिवशी निराश होऊन माती उकरून बघणारे पुष्कळ आहेत, ते करू नका.

पहिला कोंब सरळ येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो दुमडून, केसांच्या आकड्यासारखा वाकून वर येतो, आणि मग एक टोक मातीतून सुटतं. त्या टोकावर काळ्या बीची टोपी तशीच अडकलेली असते. ती टोपी नखाने काढायचा मोह होतो. काढू नका, कोंब त्या टोपीतूनच अजून अन्न ओढत असतो. चार-पाच दिवसांत ती आपोआप गळते. कागद मात्र पहिला कोंब दिसताच काढून टाका.

आणि तुम्हाला आणखी एक स्पष्ट सांगायला हवं. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात चाइव्ह्ज म्हणजे नोव्हेंबर ते मार्चचं पीक असं धरून चाला. उन्हाळ्यात ते जगले तरी रडतखडत जगतात. तुम्हाला बाराही महिने कुंडीत काही हवं असेल तर लसूण-चाइव्ह्ज लावा. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय.

नर्सरीतून चाइव्ह्ज म्हणून रोप आणलं. छान वाढलं. जूनच्या पहिल्या पावसात त्याला सुंदर पांढरी फुलं आली. पण पात चुरगळली तर काहीच वास येत नाही. खायला हरकत नाही ना? — एक वाचक भगिनी, कोल्हापूर

खाऊ नका. घरात कोणी आधीच खाल्ली असेल आणि उलट्या, मळमळ असं काही झालं असेल तर डॉक्टरांना रोपाचा फोटो दाखवा.

तुमच्या वर्णनावरून ही पावसाळी लिली दिसते आहे. इंग्रजीत तिला रेन लिली म्हणतात, शास्त्रीय नाव झेफिरँथिस. पांढऱ्या फुलाच्या जातीची पात बारीक, गर्द हिरवी, गोलसर असते, आणि फूल नसताना ती चाइव्ह्जच्या शेजारी ठेवली तर जाणकारही क्षणभर थबकेल. पण हिचा कंद आणि पात विषारी असतात. तिच्यात लायकोरिन नावाचं द्रव्य असतं, त्याने मळमळ आणि उलट्या होतात.

ओळखायची मुख्य खूण वासाची, आणि ती तुम्ही स्वतःच शोधून काढलीत. पात चुरगळा. कांद्याचा वास आला पाहिजे. थोडासा, असेल-नसेल असा चालणार नाही, बोटाला चिकटून राहील असा वास हवा. चाइव्ह्जची पात मधोमध कापली तर आत पोकळ नळी दिसते आणि कापलेल्या तोंडावर पाण्याचा एक स्वच्छ थेंब येऊन थांबतो. त्या थेंबालाही कांद्याचा वास असतो. फुलाचीही खूण आहे. चाइव्ह्जचं फूल म्हणजे जांभळट गुलाबी छोट्या फुलांचा गोल गेंद. एका दांड्यावर एकटं, पेल्यासारखं, पांढरं किंवा गुलाबी फूल आलं तर ते चाइव्ह्ज नव्हेत.

रोप टाकून देऊ नका, पावसाळी लिली देखणी असते. पण खायच्या कुंड्यांच्या रांगेतून उचलून तिला लांब ठेवा, आणि कुंडीवर नाव लिहा. माझ्या गच्चीवर कांद्याच्या कुळातलं काहीही कुठल्याच लिलीच्या शेजारी ठेवत नाही. घरात स्वयंपाकाला दुसरं माणूस असेल, लहान मूल पात तोडून आणत असेल, तर चूक व्हायला एक क्षण पुरतो.

चाइव्ह्ज, कांद्याची पात, लसणाची पात, गार्लिक चाइव्ह्ज: यात नेमका फरक काय? पाककृतीत चाइव्ह्ज लिहिलेले असतील तर पात घातली तर चालते का? — पुण्याहून एक वाचक

कांद्याची पात म्हणजे कोवळा कांदाच, पूर्ण उपटलेला. तिची नळी जाड, चव रांगडी. लसणाची पात म्हणजे लसणाच्या पाकळीला फुटलेली पानं, चपटी, वासाला तीव्र. चाइव्ह्ज ही वेगळी वनस्पती आहे, बहुवर्षायू. ती युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका या तिन्ही ठिकाणी रानातही उगवते. आणि गार्लिक चाइव्ह्ज ही त्यांची चौथी बहीण. पात चपटी, गवताच्या पात्यासारखी, चव सौम्य लसणाची, फुलं पांढरी चांदण्यांसारखी.

ही चौथी बहीण आपल्या हवेला सगळ्यात सोशिक. चीनमध्ये मोमोसारख्या पदार्थांच्या सारणात ती मुठीमुठीने घालतात. मणिपूरमध्ये तिला मरोय नाकुप्पी म्हणतात आणि तिथल्या रोजच्या जेवणात ती असतेच. ऊन सोसते, पाऊस बऱ्यापैकी सोसते, आणि फुलं वाळू दिली तर बी सांडून शेजारच्या कुंडीतही उगवते. मी तिला लसूण-चाइव्ह्ज म्हणते.

आता तुमचा खरा प्रश्न. चालतं, पण सरसकट नाही. वरून भुरभुरायला चाइव्ह्ज सांगितले असतील तर कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग, तोही कोवळा आणि अगदी बारीक चिरून, सांगितलेल्या मापाच्या अर्धा घ्या. पांढरा भाग घालू नका, तो बाकीच्या चवी दडपून टाकतो.

मी पोह्यांच्या फोडणीत चाइव्ह्ज घातले. काहीच चव लागली नाही. एवढं कौतुक कशाचं? — एक वाचक, नागपूर

फोडणीत घातलेत म्हणूनच चव गेली. चाइव्ह्जचा स्वाद ज्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो ती उडून जाणारी आहेत, आणि पात इतकी बारीक की गरम तेलात काही सेकंदांत सगळं संपतं. पोहे करा, गॅस बंद करा, ताटलीत वाढा, आणि कोथिंबीर घालता तसे वरून चाइव्ह्ज घाला. पदार्थ शिजून झाला की मगच चाइव्ह्ज, एवढं लक्षात ठेवलंत तर तुमची तक्रार राहणार नाही.

चिरायलाही धारदार सुरी किंवा कात्री हवी. बोथट सुरीने पात चेंगरते, रस पाटावर राहतो आणि ताटात ओला चोथा जातो. मी जुडी मुठीत धरून स्वच्छ कात्रीने थेट पदार्थावर कापते.

माझ्या घरी सगळ्यात जास्त चाइव्ह्ज चक्क्यात जातात. अर्ध्या किलो दह्याचा चक्का बांधायचा, त्यात दोन मोठे चमचे चिरलेले चाइव्ह्ज, मीठ, ताजी कुटलेली मिरी, बस. अर्धा तास झाकून ठेवायचं म्हणजे स्वाद दह्यात उतरतो. गरम बाजरीच्या भाकरीवर हा गोळा ठेवला की तो कडेने विरघळायला लागतो, तेव्हाच खायचा. उकडलेल्या बटाट्यावर, ऑम्लेट तव्यावरून उतरल्यावर, टोमॅटोच्या सारावर, पिठल्यावर वाढताना, सगळीकडे चालतात. घरच्या लोण्यात मिसळून थालीपिठावर तर फारच छान.

फोडणीतच घालायचं असेल तर त्यासाठी हिमालयातले जातभाई आहेत. उत्तराखंडात फरण, जंबू अशा नावांनी कांद्याच्या कुळातल्या रानपाती वाळवून ठेवतात आणि गरम तुपात टाकून डाळीला फोडणी देतात. त्यांचा स्वाद तुपात खुलतो. चाइव्ह्ज वाळवले तर मात्र हिरवं गवत उरतं, वाळवण्यात वेळ घालवू नका. जास्त झाले तर चिरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि न वितळवता थेट गरम पदार्थावर टाका.

लसूण-चाइव्ह्ज शिजवलेलं सोसतात. त्यांची मी पीठ पेरून भाजी करते. दोन वाट्या चिरलेली पात, दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, तिखट. पात टाकून एक वाफ आणायची, मीठ घालायचं, मग चार चमचे डाळीचं पीठ भुरभुरून हलक्या हाताने ढवळायचं, पाण्याचा एक हबका मारायचा आणि झाकण ठेवायचं. पाच मिनिटांत होते. यात लसूण वेगळा घालायचा नाही.

रोप कमजोर होईल म्हणून सहा महिने कात्री लावली नाही. आता पाती लांब होऊन आडव्या पडल्या आहेत, टोकं पिवळी झाली आहेत. काय चुकलं? — सातारा

कात्री लावली नाहीत हेच चुकलं. हे मी फार कळकळीने लिहिते आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींच्या मुळाशी हेच असतं. माया म्हणून माणसं कापत नाहीत, आणि त्या मायेनेच रोप म्हातारं होतं.

पातीची वाढ टोकाकडून होत नाही, खालून होते. बुंध्यापाशी, मातीलगत, वाढीची जागा असते. तुम्ही वर कितीही कापलंत तरी ती जागा शाबूत राहिली की पात पुन्हा वर सरकते. आज संध्याकाळी एक पात दोन बोटं ठेवून कापा आणि उद्या सकाळी जवळून बघा. कापलेलं तोंड कोरडं झालेलं असेल आणि पात किंचित उंच झालेली असेल. माझ्या वर्गात हे दाखवायला मी कापलेल्या पातीशेजारी आइस्क्रीमची काडी खोचून ठेवायची आणि मुलं रोज काडीवर पेनाने रेघ मारायची.

आता उपाय. सगळा पुंजका मुठीत धरा, मातीपासून दोन बोटं, म्हणजे तीन ते पाच सेंटिमीटर ठेवून एकदम कापा. घाबरू नका. पिवळं झालेलं वेचून टाका, वरची माती हलकी करून मूठभर गांडूळखत घाला आणि पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत नवीन पात येईल आणि ती आधीपेक्षा कोवळी असेल. पुढे रोज लागेल तसं कापायचं असेल तर पुंजक्याच्या एका बाजूने दोन बोटं ठेवून कापत चला. सगळ्या पातींचे नुसते शेंडे छाटत बसू नका, छाटलेली टोकं करपतात आणि रोप उगाच केविलवाणं दिसतं. नव्या रोपाला मात्र पहिली कात्री पात वीतभर झाल्यावरच.

कुंडी भरून गेली असेल तर पुंजका बाहेर काढून हाताने फोडा. आठ-दहा बुंध्यांचा एक भाग करा आणि वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. दर दोन-तीन वर्षांनी हे करावंच लागतं, नाहीतर मधला भाग पोकळ होत जातो. बी पेरून वाट बघण्यापेक्षा असा एक भाग कोणाकडून मिळाला तर तो सोन्यासारखा समजा. माझी पहिली कुंडीही पाचगणीच्या एका ओळखीच्या बाईंनी ओल्या फडक्यात बांधून दिलेल्या नऊ बुंध्यांतून झाली.

फ्रँकफर्टला राहते. बाल्कनीतलं श्निटलाउख (इथे चाइव्ह्जना हेच म्हणतात) नोव्हेंबरच्या अखेरीला पार नाहीसं झालं, कुंडीत नुसती माती दिसते. टाकून देऊ का? सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी रोज थालीपिठात घातलं होतं, म्हणून जीव लागलाय. — एक वाचक भगिनी, जर्मनी

मुळीच टाकू नका. रोप मेलेलं नाही, झोपलं आहे. तुमच्याकडे चाइव्ह्ज आपल्या मूळ हवेत आहेत, त्यांना बर्फाची सवय आहे. थंडी वाढली की पात मरते, जीव बुंध्यात आणि मुळांत राहतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवी टोकं मातीतून वर येतात. कुंडी बाहेरच राहू द्या, भिंतीलगत सरकवा, कुंडीला जुनं गोणपाट गुंडाळा, आणि माती अगदी ठणठणीत झाली तरच थोडं पाणी घाला. धीर धरवत नसेल तर एक युक्ती आहे. चांगली कडाक्याची थंडी खाऊन झाल्यावर, जानेवारीत, कुंडी उजेडाच्या खिडकीत आणा. थंडीची झोप पुरी झालेली असल्याने उबेत ती लवकर फुटते. आधीच घरात आणलीत तर मात्र झोप अर्धवट राहते आणि फूट मरगळलेली येते.

तुमचं शहर तर या रोपाचं माहेरघर म्हणावं असं. फ्रँकफर्टच्या हिरव्या सॉसमध्ये सात पाती लागतात: बोराज, चर्व्हिल, क्रेस, पार्सली, सॅलड बर्नेट, आपल्या आंबट चुक्याची जातभाई सॉरेल आणि चाइव्ह्ज. २०१६ साली या सॉसच्या पातींना युरोपीय महासंघाचं भौगोलिक संरक्षणही मिळालं. वसंतात बाजारात सातही पातींची एकत्र जुडी मिळते. ती आणा, दह्यात वाटा, उकडलेली अंडी आणि बटाट्यांबरोबर खा. आणि पुढच्या वेळी सासूबाईंना थालीपीठ तव्यावरून उतरल्यावर वरून चाइव्ह्ज घालायला सांगा, पिठात मळू नका म्हणावं. पिठात मळायला कांद्याची पात चांगली.

आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. सूनबाई म्हणते चाइव्ह्ज हे हर्ब आहे, चालतं. तुमचं मत? — एक आजी, वाई

आजी, वनस्पतिशास्त्राने विचाराल तर चाइव्ह्ज कांद्याच्याच प्रजातीत मोडतात. कांदा, लसूण आणि हे, तिघांच्या नावाची सुरुवात ॲलियम अशीच होते. ज्या गुणांमुळे कांदा-लसूण वर्ज्य मानतात ते गुण यात सौम्य आहेत, पण तेच आहेत. त्यामुळे नेम पाळायचा असेल तर चाइव्ह्ज कांदेनवमीलाच संपवावेत असं माझं मत. आम्ही त्या दिवशी कांदाभज्यांच्या पिठातच सगळी पात घालून टाकतो.

सूनबाईंना मात्र एक सांगा. चार महिने खायचे नाहीत म्हणून कापायचे थांबवू नका. कापून शेजारी द्या. नाहीतर कार्तिकीला कुंडीत आडवं पडलेलं गवत सापडेल.

पोटाच्या तक्रारीमुळे डॉक्टरांनी कांदा बंद केला आहे. कांद्याशिवाय जेवण जात नाही. चाइव्ह्ज चालतील का? — एक वाचक, ठाणे

तुमचे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ यांना विचारूनच, पण विचारण्यासारखा प्रश्न आहे. आतड्याच्या काही तक्रारींत कांद्यातलं फ्रुक्टान हे तंतुमय कर्बोदक त्रास देतं. अशा रुग्णांसाठी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने लो-फॉडमॅप नावाचा आहार विकसित केला. त्यात कांदा-लसूण टाळायला सांगतात आणि चाइव्ह्ज बसतात. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भागही बसतो, तो तुम्हाला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मिळेल. कांद्याची ॲलर्जी असेल तर मात्र ही सूट नाही.

रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्यांवर के जीवनसत्त्वाचा परिणाम होतो आणि हिरव्या पातीत ते असतं. वरून चिमूटभर घालण्याने काही बिघडत नाही, पण एकदम वाटी-वाटीने सुरू करू नका.

आमची मांजर चाइव्ह्जची कुंडी कुरतडते. गवत म्हणून खाते, बरं असतं ना? — एक वाचक, नाशिक रोड

नाही. आजच कुंडी उचला. कांदा-लसणाचं सगळं कूळ मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी आहे, कच्चंही आणि शिजवलेलंही. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लक्षणं काही दिवसांनीही दिसू शकतात: मलूलपणा, पांढरट हिरड्या, गडद लघवी. तिने पुष्कळ खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या. तिच्यासाठी गव्हाचे दाणे पेरून वेगळी कुंडी करा, गव्हांकुर तिला आवडतील.

पातीवर चंदेरी ठिपके पडतात, मग पात वाकडी होते. पावसाळ्यात तर बुंधे मऊ पडून सडले. — संगमनेर

ठिपके म्हणजे फुलकिडे. आपल्याकडे कांद्यावर जे येतात तेच. पातीच्या बेचक्यात बसतात आणि रस शोषतात. पांढऱ्या कागदावर पुंजका झटका, पिवळसर, शेवईच्या तुकड्याएवढे बारीक जीव चालताना दिसतील. कोरड्या, गरम हवेत ते वाढतात. पहिला उपाय कात्रीच: दोन बोटं ठेवून सगळं कापा आणि कापलेलं कचऱ्यात टाका, खताच्या डब्यात नको. नवीन फुटीवर सकाळी पाण्याचा फवारा जोरात मारा. तरीही आले तर निंबोळी तेल, लिटरला पाच मिली आणि थोडा साबण, ऊन उतरल्यावर. फवारल्यावर आठवडाभर ती पात खाऊ नका, नंतरही धुऊनच घ्या. ही पात कच्ची खायची असते, म्हणून याहून कडक औषध मी सुचवणार नाही.

सडण्याचं दुःख मला ठाऊक आहे. तिसऱ्या वर्षी जुलैच्या झडीत माझ्या पाचपैकी चार कुंड्या गेल्या. पाचगणीहून आलेल्या बुंध्यांतली एकच कुंडी उरली, ती जिन्याच्या छपराखाली होती म्हणून. तेव्हापासून मृग लागला की सगळ्या कुंड्या छपराखाली जातात, विटांवर ठेवते म्हणजे तळाचं पाणी निघून जातं, आणि माती वरून बोटभर सुकेपर्यंत पाणी घालत नाही. एप्रिल-मेमध्ये हिरव्या जाळीखाली, फक्त सकाळचं ऊन, कापणी कमी आणि खत बंद. त्या दिवसांत पिकाची अपेक्षा ठेवायची नाही, रोप फक्त पावसापर्यंत पोचवायचं.

बाई, मी आठवीत आहे. कांद्याच्या पातीची मुळं पाण्यात ठेवली तर पात पुन्हा येते तसं चाइव्ह्जचं होईल का? मला शाळेच्या प्रकल्पासाठी हवंय. — एक विद्यार्थिनी, अहिल्यानगर

बाजारात मिळणाऱ्या चाइव्ह्जच्या जुडीला मुळं नसतात, नुसती कापलेली पात असते, त्यामुळे पाण्यात ठेवून काही होणार नाही. पण तुझ्या प्रकल्पासाठी माझ्याकडे याहून चांगली गोष्ट आहे. कोणाकडून एक पुंजका मिळव आणि त्याचे दोन सारखे भाग कर, प्रत्येकी दहा बुंधे. एकाच मापाच्या दोन कुंड्या, एकच माती, एकच खिडकी. एका कुंडीला दर तीन आठवड्यांनी दोन बोटं ठेवून कात्री लाव, दुसरीला अजिबात हात लावू नकोस. दर रविवारी दोन्हींचे बुंधे मोज आणि वहीत लिही. मोजताना पाती मोजू नकोस, मातीलगतचे पांढरे बुंधे मोज. एका वेळी एका बाजूने सुरुवात कर आणि मोजलेल्या बुंध्यावर खडूचा ठिपका दे, म्हणजे चुकणार नाही. आणि कुठल्या कुंडीत जास्त होतील ते आधीच, लागवडीच्या दिवशीच, वहीच्या पहिल्या पानावर तुझ्या अंदाजाने लिहून ठेव. मार्चच्या पहिल्या आठवड्यातले दोन्ही आकडे मला कळव, ते मी या सदरात छापीन.